फाइल उतरवीत असता स्तब्ध होणारा ब्राउझर : एका दोषाचा इतिहास

मोठी फाइल उतरवून घेण्यास आरंभ करावा आणि ब्राउझरची खिडकीच स्तब्ध व्हावी, हा अनुभव २००४ ते २०१० या काळात पुष्कळांना आला. त्याचे खापर बहुधा मंदगती जोडणीवर फुटे. हे निदान ग्राह्य वाटत नाही. जोडणी मंद असेल तर फाइल उशिरा येईल. परंतु तेवढ्याने मेनू उघडू नये, पान सरकू नये, असे होण्याचे कारण नाही.

दोषाचे मूळ ब्राउझरच्या घडणीत होते. नेटस्केपची संहिता १९९८ साली खुली झाली आणि तिच्याच परंपरेतून ९ नोव्हेंबर २००४ रोजी फायरफॉक्स १.० अवतरला. खिडकी रंगविणे, कळफलकाची दखल घेणे, पृष्ठांवरील जावास्क्रिप्ट चालविणे ही सर्व कामे त्यात एकाच मुख्य थ्रेडकडे असत. उतरलेला मजकूर डिस्कवर लिहिण्याचे कामही बराच काळ त्याच्याकडेच होते. डिस्क थबकली की खिडकीही थबके. त्यातच उतरविलेल्या फाइलींची यादी 'डाउनलोड्स.आरडीएफ' या एका फाइलीत साठे. ही यादी फुगली म्हणजे काम मंदावे. यादी पुसून टाकावी, हा त्या काळचा रूढ उपाय होता. त्याने गुण येई हे खरे; मात्र मूळ कारण त्यामुळे झाकलेच राहिले.

१७ जून २००८ रोजी आलेल्या फायरफॉक्स ३ मध्ये या नोंदी एसक्यूलाइट या डेटाबेसकडे गेल्या. त्याच्या प्रकाशनापूर्वीच लिनक्सवर एक निराळीच अडचण उघड झाली होती, आणि या इतिहासातील सर्वांत उद्बोधक भाग हाच होय. नोंद खरोखर डिस्कवर पोचली याची खात्री करण्यासाठी एसक्यूलाइट 'एफसिंक' ही आज्ञा देई. ईएक्सटी३ या तत्कालीन प्रचलित फाइलव्यवस्थेच्या नेहमीच्या रीतीत मात्र एका लहानशा फाइलीसाठी दिलेली ही आज्ञा इतर फाइलींचा तुंबलेला मजकूरही आधी डिस्कवर रिता करवी. म्हणजे शेजारी शेकडो मेगाबाइटांची फाइल लिहिली जात असता, नुसत्या एका पत्त्याची नोंद करण्यासाठी ब्राउझरला ते सारे संपेपर्यंत तिष्ठावे लागे. वीज गेली तरी नोंद टिकावी, हा एसक्यूलाइटचा आग्रह गैर नव्हता. मजकुराचा क्रम राखावा, हा ईएक्सटी३चा आग्रहही गैर नव्हता. दोघांच्या संयोगाची झळ मात्र वापरणाऱ्यास लागली. पुढे खात्रीचा आग्रह काहीसा सैल करून आणि नोंदी साठवून एकदम लिहून मार्ग काढण्यात आला. २०१० साली एसक्यूलाइट ३.७.० मध्ये नोंदी आधी स्वतंत्र रोजनाम्यात लिहिण्याची पद्धत आली. तीमुळेही 'एफसिंक'ची गरज पुष्कळच घटली.

विंडोजवर शंभर टक्के फाइल उतरल्यानंतर खिडकी अडे, तिचे कारण अगदीच वेगळे असू शके : तयार फाइल विषाणूतपासणीकडे सोपविली जात असे.

२ सप्टेंबर २००८ रोजी आलेल्या क्रोमने प्रक्रिया विभक्त केल्या आणि हा प्रश्न मिटला, असे सर्रास मानले जाते. हे मत अर्धेच खरे आहे. प्रक्रिया विभक्त केल्याने हटवादी पृष्ठापासून संरक्षण मिळते, डिस्कच्या विलंबापासून नव्हे. त्यासाठी लेखनाचे कामच मुख्य थ्रेडवरून हलवावे लागते. फायरफॉक्समध्ये बहुप्रक्रिया-रचना ऑगस्ट २०१६ मध्ये, ४८ व्या आवृत्तीपासून टप्प्याटप्प्याने आली. फाइल उतरविण्याच्या यंत्रणेची पुनर्रचना मात्र त्यापूर्वीच, २०१३ साली झाली होती.