‘ऊमरा’ कापूस आणि व्यापाराची तालीम



भातकुलीच्या शिवारात उभे राहिले की दोन गोष्टी लगेच ध्यानात येतात. विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही आणि काळ्या जमिनीवर कपाशी मात्र तरारून उभी असते. पूर्णेच्या खोऱ्यातील हा खारपाण पट्टा. येथल्या माणसाच्या नशिबी गोड पाणी थोडे आणि पांढरे सोने बरे. पण ह्या सोन्याचा भाव कोण ठरवतो, कोठे ठरवतो आणि तो आपल्याला केव्हा कळतो, हा प्रश्न आपल्या आजोबा-पणजोबांनी क्वचितच विचारला. विचारला असता तरी उत्तर देणारा गावात कोणी नव्हता. आजच्या लेखाचा विषय हाच आहे.

तुम्हांस एक गंमत सांगतो. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या लिव्हरपूल बंदरात कापसाच्या भावांचे जे तक्ते निघत, त्यांत ‘ऊमरा’ नावाचा एक प्रकार असे. हा ऊमरा म्हणजे दुसरे काही नसून आपली उमरावती, म्हणजेच अमरावती होय. पुढे तर वऱ्हाड, खानदेश आणि आसपासच्या कितीतरी मुलखांतील कापूस ‘ऊमरा’ ह्याच नावाखाली मुंबईच्या बाजारात विकला जाऊ लागला. आपल्या जिल्ह्याचे नाव अशा रीतीने सातासमुद्रापार रोज उच्चारले जात होते. ज्याने तो कापूस पिकवला, त्याला मात्र ह्याची गंधवार्ता नव्हती.

रेल्वे येण्यापूर्वी वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून वंजाऱ्यांचे तांडे मिर्झापूरपर्यंत नेत आणि तेथून तो गंगेतून नावांनी कलकत्त्यास जाई. हा प्रवास शेकडो मैलांचा होता. वाटेत पाऊस, धूळ आणि चोर हे सारे आलेच. १८२५-२६ च्या सुमारास पेस्तनजी आणि विकाजी ह्या पारशी व्यापारी बंधूंनी वऱ्हाडचा कापूस मोठ्या प्रमाणावर थेट मुंबईस उतरविला, आणि व्यापाराचे तोंड पश्चिमेकडे वळू लागले. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. त्या व्यवहारामागे पलटणीच्या खर्चाची थकबाकी होती हे खरे, पण इंग्रजांच्या नजरेत ही काळी जमीन फार आधीपासून भरलेली होती.

मग आले अमेरिकेचे यादवी युद्ध, १८६१ ते १८६५. दक्षिण अमेरिकी संस्थानांतून मँचेस्टरच्या गिरण्यांना येणारा कापूस बंद पडला आणि साऱ्या जगाची नजर आपल्याकडे वळली. भाव चढले, मुंबईत पैशाचा पूर आला, नवनव्या कंपन्यांचे शेअर रोज निघू लागले. युद्ध संपताच भाव कोसळले. मुंबईचे मोठमोठे शेठ बुडाले, त्यांची नावे इतिहासात राहिली. वऱ्हाडात ज्यांनी चढत्या भावाच्या भरवशावर सावकाराकडून पैसे घेतले होते त्यांची नावे कोठेही नाहीत. दूरच्या एका देशात युद्ध संपले म्हणून आपल्या दाराशी जप्ती येते, हे कोडे त्या माणसाला कोण समजावून सांगणार?

ह्यानंतरच्या घडामोडी झपाट्याने झाल्या. १८६७ मध्ये आगगाडी अकोला, बडनेऱ्यावरून नागपुरास पोहोचली. १८६९ मध्ये सुएझचा कालवा उघडला. १८७० मध्ये जलंब ते खामगाव हा कापसासाठीचा छोटा लोहमार्ग व्हाइसरॉय लॉर्ड मेयो ह्यांच्या हस्ते खुला झाला, आणि त्याच साली समुद्राखालची तार मुंबईला लंडनशी जोडून मोकळी झाली. तारेचा अर्थ नीट ध्यानात घ्या. पूर्वी लिव्हरपूलचा भाव मुंबईत कळायला आठवडे लागत. आता तो तासांत कळू लागला. विंटरथुर गावचे स्विस व्होल्कार्ट बंधू, मूळचे ग्रीक असलेले रॅली बंधू अशा पेढ्यांनी वऱ्हाडच्या बाजारपेठांत आपले अडत्ये, गुमास्ते बसविले. स्वित्झर्लंडमधला मालक, मुंबईचा व्यवस्थापक, खामगावचा खरेदीदार आणि लिव्हरपूलचा विक्रेता हे चौघे एका तारेच्या दोरीत ओवले गेले. ह्या दोरीबाहेर राहिला तो फक्त शेतकरी.

बाजारात तर काय चालत असे? अडत्या आणि खरेदीदार रुमालाखाली हात घालून बोटांनी भाव ठरवीत. ज्याचा माल, तो शेजारी उभा राहून दोघांच्या चेहऱ्याकडे बघत बसे. वर अडत, दलाली, तोलाई, हमाली आणि धर्मादाय ह्यांची कपात वेगळी. ही लूट पाहून कायदा करावा लागला, आणि ह्याचा मान वऱ्हाडला आहे ही गोष्ट अभिमानाने सांगण्यासारखी आहे. हिंदुस्थानातील पहिला नियंत्रित कापूस बाजार १८८६ मध्ये कारंज्याला सुरू झाला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा स्वतंत्र कायदा झाला. पुढे १९२८ मध्ये शाही कृषी आयोगाने साऱ्या देशात नियंत्रित बाजार स्थापावेत अशी शिफारस केली, तेव्हा त्याच्यासमोर वऱ्हाडचाच नमुना होता. आज जी कृषी उत्पन्न बाजार समिती आपण पाहतो, तिचे मूळ ह्या भागात आहे. कायद्याने रुमाल दूर केला, परंतु जगाचा भाव वाचता येण्याची विद्या कायदा देऊ शकत नव्हता.

ती विद्या कोणी मिळवली? ह्याचे एक उदाहरण नागपूरचेच आहे. जमशेदजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी तेथे एम्प्रेस मिल सुरू केली. मुंबईऐवजी नागपूर का, तर कापूस जवळ. मिलचा व्यवस्थापक म्हणून त्यांनी बेझनजी मेहता ह्यांना नेमले, जे रेल्वेच्या मालखात्यातून आले होते आणि ज्यांना गिरणीचा काडीचाही अनुभव नव्हता. त्यांच्या जोडीला लँकेशायरचा ब्रूक्सबी नावाचा तंत्रज्ञ दिला. एकाला माणसे हाताळता येत होती, दुसऱ्याला यंत्रे. १८९३ मध्ये टाटा जपानला गेले आणि तेथल्या निप्पॉन युसेन कैशा ह्या जहाज कंपनीशी करार करून त्यांनी मुंबई-जपान मार्ग सुरू केला, कारण इंग्रजी कंपनी कापसाचे भाडे मनमानी लावत होती. इंग्रजी कंपनीने लगोलग आपले भाडे पार खाली आणले. टाटांची स्वतःची जहाजे टिकली नाहीत, पण जपानी कंपनीचा मार्ग टिकला, आणि पुढील काळात जपान हा हिंदी कापसाचा मोठा गिऱ्हाईक झाला.

दुसरे उदाहरण आपल्या समाजातले आहे, आणि पालकांनी ते जरा थांबून वाचावे अशी माझी विनंती आहे. मुंबईत तय्यब अली नावाचे एक सुलेमानी बोहरा व्यापारी होते. परदेशी व्यापारात त्यांनी नाव कमावले. आपल्या मुलांनी केवळ दुकानाच्या गादीवर बसू नये असे त्यांना वाटले, आणि त्या काळी समुद्र ओलांडून मुले विलायतेस पाठवणे म्हणजे काय धाडस होते ह्याची कल्पना करा! एक मुलगा कमरुद्दीन विलायतेत शिकून सॉलिसिटर झाला. धाकटे बदरुद्दीन १८६० मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, इंग्लंडला गेले आणि १८६७ मध्ये बॅरिस्टर होऊन परतले. मुंबईच्या हायकोर्टातले ते पहिले हिंदी बॅरिस्टर. १८८७ मध्ये मद्रासच्या काँग्रेस अधिवेशनाचे ते अध्यक्ष होते.

ह्या बंधूंनी एकट्याने काही केले नाही. १८७४ मध्ये त्यांनी कोकणी मुसलमान व्यापारी नाखुदा महंमद अली रोगे ह्यांच्यासारख्या मंडळींना सोबत घेऊन अंजुमन-ए-इस्लाम स्थापन केली. बोहरा, कोकणी असे वेगवेगळ्या जमातींचे व्यापारी एका शाळेसाठी एका ठिकाणी बसले, ही गोष्ट त्या काळी सोपी नव्हती. व्यापारातली ओळख शिक्षणाच्या कामी आली. आज त्याच अंजुमनच्या छत्राखाली वाणिज्य आणि व्यवस्थापन शिकविणाऱ्या संस्था चालतात.

आता व्यापाराच्या शाळेकडे वळू. व्यापार हा रक्तात असावा लागतो, तो शिकवता येत नाही, असे मानणारे लोक आपल्याकडे अजूनही आहेत. मुंबईचे सिडनहॅम कॉलेज १९१३ मध्ये निघाले. आशिया खंडातील ते पहिले वाणिज्य महाविद्यालय. आपल्या विदर्भात १९४० मध्ये वर्ध्याला गोविंदराम सेकसरिया ह्यांच्या नावाने वाणिज्य महाविद्यालय सुरू झाले. हे सेकसरिया कापसाचे मोठे सटोडिये, न्यूयॉर्कच्या बाजारापर्यंत त्यांचे व्यवहार. १९६१ मध्ये अहमदाबादला आणि कलकत्त्याला भारतीय व्यवस्थापन संस्था उभ्या राहिल्या, पहिलीला अमेरिकेच्या हार्वर्डचे सहकार्य, दुसरीला मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रज्ञान संस्थेचे. अहमदाबादच्या संस्थेमागे विक्रम साराभाई होते, गिरणीमालकांच्या घराण्यातले. १९६५ मध्ये मुंबई विद्यापीठात स्टॅनफर्डच्या सहकार्याने जी संस्था निघाली तिला नाव मिळाले जमनालाल बजाज ह्यांचे, आणि ते वर्ध्याचे कापूस व्यापारी! पाहा, ह्या साऱ्या कथेत कापूस कसा पुन्हा पुन्हा डोके वर काढतो.

हार्वर्डहून आलेली एक शिकवण्याची रीत सांगण्यासारखी आहे. मास्तर व्याख्यान देत नाहीत. एखाद्या खऱ्या कंपनीपुढे आलेला खरा पेच कागदावर मांडतात आणि विचारतात, तुम्ही तिथे असता तर काय केले असते? विद्यार्थी भांडतात, चुकतात, दुसऱ्याचे ऐकतात. मला ही रीत वाचली तेव्हा आपल्या चावडीवरची आठवण आली. फरक इतकाच, की चावडीवर आकडे कमी आणि आवाज जास्त असतो.

अमरावती जिल्ह्यातला माणूस ह्यात मागे राहिला असे मात्र समजू नका. पापळ गावचे डॉ. पंजाबराव देशमुख एडिंबरो आणि ऑक्सफर्डला शिकून आले, १९३२ मध्ये अमरावतीला श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली, आणि १९५९ च्या डिसेंबरात दिल्लीस जे जागतिक कृषी प्रदर्शन भरले त्याच्या मागचा उत्साह त्यांचाच. अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर त्या प्रसंगी हजर होते. ज्या पापळमध्ये शाळेची धड सोय नव्हती, तेथल्या मुलाने जगाला दिल्लीत बोलावून शेतीची अवजारे दाखविली.

२०१५ मध्ये नागपूरला भारतीय व्यवस्थापन संस्था निघाली आणि सुरुवातीला तिचे पालकत्व अहमदाबादच्या संस्थेकडे होते. एम्प्रेस मिल बंद पडली. पण तिच्याच गावात आता व्यवस्थापन शिकवले जाते. भातकुलीहून नागपूर किती लांब? एसटीने निघाले तर अमरावती गाठून पुढची गाडी धरायची. दहावी-बारावीच्या ज्या मुलांच्या हातात ही स्मरणिका पडेल, त्यांनी घरी वडिलांना एकदा विचारून पाहावे, आपण मागल्या हंगामात कापूस विकला त्या दिवशी मुंबईचा भाव काय होता, आणि न्यूयॉर्कचा काय होता. आता तो पाहायला तार लागत नाही, खिशातला मोबाईल पुरतो.