एक नाव, दोन गावे : आज्ञावलीतील नामसंघर्ष

देवबाग हे नाव उच्चारताच मालवणकराच्या डोळ्यांसमोर अरबी समुद्र आणि कर्ली नदी यांच्यामधील चिंचोळी भूपट्टी उभी राहते. कारवारच्या रहिवाशाला मात्र याच नावाने काळी नदीच्या मुखाजवळचा किनारा आठवतो. दोन्ही ठिकाणी नदी सागराला मिळते, दोन्हीकडे पर्यटकांची वर्दळ असते. पण एक देवबाग महाराष्ट्रात, तर दुसरे कर्नाटकात. पाकिटावर नुसते ‘देवबाग’ लिहिले, तर पत्र कोठे जावे? सारख्या गावनावांमुळे होणारा असा घोळ टाळण्यासाठी टपाल खात्याने १५ ऑगस्ट १९७२ रोजी सहा अंकी पिन कोड सुरू केला. संस्कृत कवी आणि टपाल खात्यातील अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर हे त्याचे जनक मानले जातात. मालवणचा पिन ४१६ या अंकांनी, तर कारवारचा ५८१ या अंकांनी सुरू होतो.

संगणकाच्या आज्ञावलीतही हाच प्रश्न उद्भवतो. प्रत्येक काम नव्याने लिहिण्याऐवजी प्रोग्रॅमर इतरांनी तयार केलेली मॉड्यूल्स ‘इम्पोर्ट’ करतात. दोन मॉड्यूल्समध्ये एकाच नावाची फंक्शन्स असली, की नामसंघर्ष होतो.

मागाहून येणारा जिंकतो

१९९१ मध्ये गुइडो व्हान रॉसम यांनी प्रसिद्ध केलेल्या पायथॉन भाषेचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. तिच्या ‘मॅथ’ आणि ‘सीमॅथ’ या दोन्ही मॉड्यूल्समध्ये वर्गमूळ काढणारे ‘एसक्यूआरटी’ हे फंक्शन आहे. पहिले केवळ वास्तव संख्यांसाठी आहे, तर दुसरे काल्पनिक संख्याही हाताळते. तारांकन चिन्ह वापरून दोन्ही मॉड्यूल्समधील सर्व नावे एकदम आणल्यास मागाहून आलेले नाव आधीचे पुसून टाकते. ‘सीमॅथ’ शेवटी आणले असेल, तर उणे ४ चे वर्गमूळ काल्पनिक संख्येच्या रूपात मिळते. ‘मॅथ’ शेवटी आणले, तर तीच आज्ञा चूक दाखवून थांबते. केवळ दोन ओळींची अदलाबदल केल्याने निकाल बदलतो आणि नाव पुसले गेल्याची कोणतीही सूचना मिळत नाही.

जावाचा अनुभव

जावा भाषेत हा संघर्ष उघडपणे समोर येतो. डिसेंबर १९९८ मध्ये आलेल्या जावाच्या १.२ या आवृत्तीत ‘जावा डॉट यूटिल’ या पॅकेजात ‘लिस्ट’ हे नाव नव्याने दाखल झाले. ते ‘जावा डॉट एडब्ल्यूटी’ मध्ये आधीपासूनच होते. दोन्ही पॅकेजे तारांकनाने घेऊन नुसते ‘लिस्ट’ लिहिणाऱ्या जुन्या आज्ञावली, एक अक्षरही न बदलता, कम्पाइल होईनाशा झाल्या. प्रोग्रॅमरांना त्याचा त्रास झाला. परंतु अडचण कोठे आहे ते तत्काळ कळले. आज्ञावली थांबण्यापेक्षा तिने गुपचूप चुकीचे उत्तर देणे अधिक घातक ठरते.

उपाय काय?

सर्वांत सोपा उपाय म्हणजे पूर्ण पत्ता लिहिणे. पायथॉनमध्ये मॉड्यूल त्याच्या नावानिशी आणून ‘मॅथ डॉट एसक्यूआरटी’ असे लिहिल्यास संदिग्धता उरत नाही. ‘ॲज’ या शब्दाने एखाद्या नावाला टोपणनावही देता येते. तारांकनाचा वापर शक्यतो टाळावा, असे पायथॉनची लेखनसंहिता सांगते.

आपल्या फाइलला नाव देतानाही काळजी घ्यावी. विद्यार्थ्याने स्वतःच्या फाइलला ‘रँडम’ हे नाव दिले, तर पायथॉन त्याच नावाच्या मूळ मॉड्यूलऐवजी ती फाइल उचलतो. २०२४ मध्ये आलेल्या ३.१३ या आवृत्तीपासून अशा वेळी दिसणारा चुकीचा संदेश फाइलचे नाव बदलण्याचे सुचवतो.

नावे सारखी असण्यात दोष नाही. दोन्ही देवबाग आपापल्या जागी सुखाने नांदत आहेत. पत्ता अर्धवट लिहिला, तरच वाट चुकते.