मोशेचें नियमशास्त्र आणि हबसाणची ख्रिस्तसभा

कोंकणच्या किनाऱ्यावर अलिबाग-पेणच्या बाजूस पूर्वीं तेलाचे घाणे चालविणारे बेने इस्राएल लोक पुष्कळ होते. शनिवारीं त्यांचा घाणा बंद असे. म्हणून गांवकरी त्यांस ‘शनवार तेली’ म्हणत. मुलाची सुंता ते आठव्या दिवशीं करीत आणि डुकराच्या मांसास शिवत नसत. त्याच किनाऱ्यावर उत्तरेस साष्टी-वसईचा आपला ख्रिस्ती शेतकरी मात्र शनिवारीं नांगर धरी आणि रविवारीं मिस्सेस जाई. दोघेही मोशेचे ग्रंथ देवाचा शब्द मानणारे. मग एकानें जें पाळावें तें दुसऱ्यानें कां सोडावें? आणि सोडावयाचेंच, तर दहा आज्ञा तरी आपण मुलांकडून कां पाठ करून घेतों? हा प्रश्न ज्यास मुलांनीं विचारला नाहीं असा धर्मशिक्षक विरळा. आपल्या देवालयाच्या या ज्युबिलीच्या मंगल प्रसंगीं त्या प्रश्नाचा इतिहास वाचकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे. कारण त्याचें उत्तर देतांना एके ठिकाणीं ख्रिस्तसभेस फार मोठी किंमत द्यावी लागली, आणि त्या कथेचा कांहीं भाग आपल्या शेजारच्या गोव्यांत घडला.

प्रथम प्रेषितांच्या काळाकडे वळूं. प्रभूचे पहिले शिष्य सर्व यहुदी. त्यांची सुंता झालेली होती, ते शब्बाथ पाळीत आणि मंदिरांत प्रार्थनेस जात. पुढें अंत्युखिया नगरांत परराष्ट्रीय लोक मोठ्या संख्येनें विश्वासांत आले, तेव्हां कित्येकांनीं आग्रह धरला कीं, सुंता झाल्यावांचून यांचें तारण नाहीं. वाद विकोपास गेला. सुमारें इ. स. ४९ सालीं प्रेषित व वडीलजन जेरुसलेमांत एकत्र जमले. संत पेत्रानें आपला अनुभव सांगितला, संत पौल व संत बर्णबा यांनीं आपल्या कार्याची हकीकत निवेदिली, आणि संत याकोबानें निर्णय मांडला : परराष्ट्रीयांवर सुंतेचें ओझें घालूं नये. त्यांनीं चार गोष्टी मात्र वर्ज्य कराव्या. मूर्तीस वाहिलेलें अन्न, रक्त, गळा दाबून मारलेल्या प्राण्याचें मांस आणि व्यभिचार, या त्या चार गोष्टी.

या निर्णयामागील वृत्ति नीट ध्यानांत घ्यावी. संत पौलानें ग्रीक असलेल्या तीताची सुंता होऊं दिली नाहीं, कारण तेथें ती तारणाची अट म्हणून मागितली जात होती. परंतु ज्याची आई यहुदी होती त्या तीमथीची सुंता त्यानें स्वतः करविली, कारण तेथें प्रश्न केवळ लोकांत मिळून मिसळून कार्य करण्याचा होता. कृत्य एकच, एके ठिकाणीं त्यास नकार, दुसरे ठिकाणीं होकार. जो विधि तारणाचें मूल्य म्हणून लादला जातो तो त्याज्य. तोच जर लोकरीति म्हणून पाळला जात असेल, तर त्यावरून भावाशीं भांडूं नये.

पुढें तेराव्या शतकांत संत थॉमस अक्वायनस यांनीं हाच विचार शास्त्रशुद्ध रीतीनें मांडला. मोशेच्या नियमांचे त्यांनीं तीन वर्ग केले. पहिला नीतीच्या आज्ञांचा. या दहा आज्ञांत ग्रथित असून मनुष्याच्या स्वभावांतच कोरलेल्या आहेत, म्हणून त्या कधीं सुटत नाहींत. दुसरा यज्ञ, शुद्धाशुद्ध अन्न, सुंता वगैरे विधींचा. हे येणाऱ्या ख्रिस्ताचे सूचक होते, आणि तो आल्यावर त्यांचें काम संपलें. तिसरा इस्राएल राष्ट्राच्या न्यायव्यवहाराचा. तें राज्य गेलें, तसें त्याचें बंधनही गेलें. शब्बाथाच्या आज्ञेंत पहिले दोन्ही वर्ग एकत्र आले आहेत : देवासाठीं काळ राखून ठेवणें हा नीतीचा भाग कायम राहिला, आणि शनिवारचा दिवस हा विधीचा भाग जाऊन प्रभूच्या पुनरुत्थानाचा रविवार आला.

येथवर सर्व सोपें वाटतें. परंतु ज्या हबसाण देशाहून जंजिऱ्याच्या सिद्दींचे पूर्वज आले, त्या देशांत, म्हणजे आजच्या इथिओपियांत, चौथ्या शतकापासून एक प्राचीन ख्रिस्तसभा नांदत होती. तेथील ख्रिस्ती लोक रविवार पाळीत आणि शनिवारही पाळीत, मुलांची सुंता करीत, डुकराचें मांस खात नसत. चौदाव्या शतकांत एवोस्तातेवोस नांवाच्या मठाधिपतीनें शनिवारचा पक्ष इतक्या निष्ठेनें धरला कीं, त्यास देशत्याग करावा लागला. त्याच्या शिष्यांनीं हट्ट सोडला नाहीं, आणि शेवटीं १४५० सालीं झरा याकोब राजाच्या कारकीर्दींत दोन्ही दिवस पाळावे असें ठरलें. इकडे फ्लॉरेन्सच्या धर्मपरिषदेंत १४४२ सालीं रोमच्या ख्रिस्तसभेनें मोशेचे विधि यापुढें पाळणें ख्रिस्ती विश्वासास विसंगत असल्याचें जाहीर केलें होतें. रक्त व गळा दाबलेलें मांस यांविषयींचा प्रेषितांचा नियमही त्या काळापुरताच होता, असें तेथें स्पष्ट करण्यांत आलें.

१५४१ सालीं मुसलमान सेनापति अहमद ग्रान्य याच्या स्वाऱ्यांनीं हबसाणचें राज्य मोडकळीस आलें असतां पोर्तुगीजांनीं वास्को द गामाचा पुत्र क्रिस्तोव्हाँव याच्या हाताखालीं चारशें शिपाई मदतीस पाठविले. क्रिस्तोव्हाँव मारला गेला, पण राज्य वांचलें. या उपकारामुळें दोन ख्रिस्तसभांच्या ऐक्याची आशा उत्पन्न झाली. १५५५ सालीं गोव्याहून येशूसंघाचे पाद्री राजा गलावदेवोस याजकडे गेले व त्यांनीं त्याच्या प्रजेवर यहुदी चालीचा आरोप ठेवला. राजानें आपल्या श्रद्धेचें निवेदन लिहून उत्तर दिलें. त्याचा आशय असा : शनिवार आम्ही यहुद्यांप्रमाणें पाळीत नाहीं, त्या दिवशीं आम्ही मिस्साबलि अर्पितों, सुंता ही आमच्याकडे देशाची चाल आहे, जसे इतर कांहीं लोक तोंडावर व्रण करून घेतात, आणि डुकराचें मांस कोणी खावें, कोणी खाऊं नये, त्याविषयीं आमची सक्ति नाहीं. जेरुसलेमच्या परिषदेंत जो भेद केला गेला, तोच भेद हा राजा करीत होता.

पुढें पेद्रो पायेस नांवाचे स्पॅनिश येशूसंघीय पाद्री १५८९ सालीं गोव्याहून तिकडे जाण्यास निघाले. वाटेंत अरबांच्या हातीं सांपडून त्यांनीं कित्येक वर्षें यमन देशांत बंदिवास भोगला. सुटका होऊन गोव्यास परतले, आणि पुन्हां निघून १६०३ सालीं हबसाणांत पोंचले. त्यांनीं तेथील भाषा आत्मसात केल्या, मुलांस शिकविलें, आणि लोकांच्या चालीरीतींवर एकाएकीं घाव घातला नाहीं. त्यांच्या सौजन्यानें राजा सुसेन्योस याचें मन वळलें. १६२२ सालीं पायेस निवर्तले.

त्यांच्या मागून आफोन्सो मेंदिश हे पात्रिआर्क होऊन गोव्याच्या वाटेनें १६२५ सालीं तेथें पोंचले. ते विद्वान होते, निष्ठावंत होते. पण धीर त्यांस नव्हता. १६२६ सालीं राजानें पोपमहाराजांस मान्यता देण्याची जाहीर शपथ वाहिली, आणि लगेच हुकूम सुटूं लागले : सुंता बंद, शनिवार बंद, धर्मगुरूंस नव्यानें दीक्षा, लोकांस नव्यानें बाप्तिस्मा, उपासनाही लॅटिन पद्धतीची. शेंकडों वर्षें ख्रिस्ताचें नांव घेत आलेल्या प्रजेस जणूं सांगण्यांत आलें कीं, तुम्ही ख्रिस्ती नव्हतांच. प्रांतोप्रांतीं बंडें उठलीं. ख्रिस्त्यानें ख्रिस्त्याचें रक्त सांडलें. अखेरीस १६३२ सालीं थकलेल्या राजानें लोकांस जुना धर्माचार परत दिला व राज्यसूत्रें पुत्र फासिलदस याच्या हातीं सोंपविलीं. नव्या राजानें येशूसंघाच्या पाद्र्यांस घालवून दिलें. मागें राहिलेल्यांपैकीं कित्येकांनीं प्राण दिले. पात्रिआर्क मेंदिश पुष्कळ हाल सोसून गोव्यास परतले आणि तेथेंच त्यांनीं देह ठेवला. ऐक्याचें दार त्यानंतर दोनशें वर्षें बंद राहिलें.

वाचकहो, येथें दोष कोणाचा हें ठरविण्यापेक्षां चूक कोठें झाली हें पाहणें अधिक हिताचें आहे. शिकवण चुकीची नव्हती. सुंतेनें तारण होत नाहीं, हें प्रेषितांपासून चालत आलेलें सत्य आहे. परंतु मोशेचें जोखड मानेवरून उतरवितां उतरवितां दुसरें जोखड त्याच मानेवर ठेविलें गेलें. एका देशाची उपासनापद्धति, एका देशाचें पंचांग, एका देशाचे रिवाज यांसच नियमशास्त्राचें स्थान मिळालें. पूर्वीं जेरुसलेमांत जे म्हणत होते कीं, आमच्यासारखे झाल्यावांचून तारण नाहीं, त्यांचाच आवाज निराळ्या वेषांत पुन्हां ऐकूं आला.

ही चूक सुधारलीही गेली. १८३९ सालीं संत जुस्तिन द याकोबिस हबसाणांत गेले. त्यांनीं तेथील वेष घेतला, तेथील गीझ भाषेंतील प्राचीन उपासना स्वीकारली आणि लोकांची मनें प्रेमानें जिंकलीं. त्यांचे शिष्य धन्य गेब्रे मिकाएल यांनीं १८५५ सालीं विश्वासासाठीं बेड्यांत प्राण सोडला. आज इथिओपियांतील कित्येक काथोलिक आपल्या प्राचीन गीझ विधीनें मिस्सा अर्पितात, आणि १९६४ सालीं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें पौर्वात्य ख्रिस्तसभांच्या उपासनापद्धतींचा मान राखण्याचें जाहीर केलें.

आपल्यालाही हा इतिहास परका नाहीं. १७३६ सालीं गोव्यांतील इन्क्विझिशननें तेथील ख्रिस्त्यांच्या लग्नांतील व घरांतील कित्येक देशी चाली हुकुमानें बंद केल्या. आपल्या लग्नांत आजही उंबराचें पाणी आणलें जातें तेव्हां आपण कोणत्याही नियमशास्त्राचा भंग करीत नाहीं. आणि तें आणिल्यानें कोणी अधिक ख्रिस्तीही ठरत नाहीं. ती चाल आहे. तिला चालीइतकाच मान द्यावा. पण खोटी साक्ष देणें, मजुराची मजुरी अडकविणें, आईबापांस म्हातारपणीं टाकणें या गोष्टींस कोणत्याही देशाची चाल म्हणून माफी नाहीं. कारण तेथें सिनाय पर्वतावरील आज्ञा जशीच्या तशी उभी आहे. प्रभूनें ती रद्द केली नाहीं. ती प्रीतींत पुरी करून दाखविली.

म्हणून मुलांनीं पुन्हां तो प्रश्न विचारला तर त्यांस सांगावें : आपण दहा आज्ञा पाळतों, कारण त्या सर्व मनुष्यांच्या आहेत; मोशेचे विधि सोडतों, कारण ज्याची वाट ते दाखवीत होते तो आला आहे; आणि भावाच्या निरुपद्रवी चालीवरून त्याचा न्याय करीत नाहीं, कारण त्याचाही प्रभु तोच आहे. ज्या वडिलांनीं हें देवालय उभारलें, त्यांच्या वंशजांत हा विवेक व ही प्रीति सदैव नांदो, अशी प्रभूचरणीं प्रार्थना.