पुनर्लेखनीय तबकड्यांवरील बॅकअप

संगणकातील फाइलींची जादा प्रत, पुसून पुन्हा लिहिता येणाऱ्या सीडीवर वा डीव्हीडीवर घेऊन ठेवण्याची पद्धत. सीडी-आरडब्ल्यूचे मानक 1997 मध्ये प्रसिद्ध झाले. तेव्हापासून पेनड्राइव्ह आणि बाहेरून जोडायची हार्ड डिस्क स्वस्त होईपर्यंत घरे, लहान कार्यालये आणि डीटीपी सेंटरांत ही पद्धत रूढ होती. 1.44 एमबीच्या फ्लॉपीपुढे 650 किंवा 700 एमबीची सीडी म्हणजे चैनच होती. पुढे डीव्हीडी-आरडब्ल्यू आणि डीव्हीडी+आरडब्ल्यू आल्या. त्यांच्यावर छापलेले 4.7 जीबी विंडोजमध्ये 4.37 दिसत, कारण कारखाना जीबी हजाराच्या पटीत मोजतो आणि विंडोज 1,024च्या. ब्लू-रे घराण्यातील बीडी-आरईची क्षमता 25 जीबीपासून सुरू होते. पण ती येईपर्यंत या पद्धतीचा बहर ओसरू लागला होता.

एकदाच लिहायच्या सीडी-आरमध्ये लेसर रंगद्रव्याचा थर कायमचा बदलतो. आरडब्ल्यूमध्ये रंगद्रव्य नसते. चांदी, इंडियम, अँटिमनी आणि टेल्युरियम यांच्या मिश्रधातूचा पातळ थर असतो. लेसरच्या तीव्र झोताने त्यातील एखादा बिंदू 500 ते 700 अंश सेल्सिअसपर्यंत तापून वितळतो आणि इतक्या झटकन थंड होतो की त्यातील अणूंना स्फटिकाच्या रांगेत बसायला सवड मिळत नाही. असा बिंदू प्रकाश कमी परावर्तित करतो. पुसताना तोच बिंदू सुमारे 200 अंशांवर धरला जातो; अणू पुन्हा रांगेत येतात, चकाकी परतते. काचसदृश आणि स्फटिकी अवस्थांमधील असा बदल स्मृतीसाठी वापरता येतो, हे अमेरिकी संशोधक स्टॅनफर्ड ओव्शिन्स्की यांनी 1968 मध्ये विद्युत्‌रोधातील बदलावरून दाखवले होते.

या रचनेची किंमत वाचनात मोजावी लागते. कारखान्यात छापलेली सीडी सुमारे 70 टक्के प्रकाश परत पाठवते, आरडब्ल्यू जेमतेम 15 ते 25 टक्के. त्यामुळे जुन्या सीडी-रॉम ड्राइव्हना आणि बहुतेक जुन्या म्युझिक प्लेअरना ती दिसतच नसे. बॅकअप घेतलेल्या रायटरवर तबकडी बिनतक्रार चालते, म्हणून ती चांगली, असे मानणे धोक्याचे असते. खरी तपासणी दुसऱ्या ड्राइव्हवर फाइली उघडूनच होते.

लिहिण्याच्या दोन रीती होत्या. पहिल्या रीतीत फाइली निवडून सगळ्या एका सत्रात लिहायच्या. त्यातील जोलिएट व्यवस्थेत फाइलींची नावे 64 अक्षरांपर्यंत लांब आणि युनिकोडमध्ये राहत, म्हणजे देवनागरी नावेही शाबूत राहत. मात्र एखादी फाइल बदलायची, तर नवे सत्र जोडायचे किंवा सगळी तबकडी पुसायची. झटपट पुसण्यात केवळ अनुक्रमणिका जाते, मजकूर जागेवरच राहतो. म्हणून गोपनीय कागद असलेली तबकडी टाकण्यापूर्वी संपूर्ण पुसावी लागते आणि 4एक्स वेगाला त्यास वीसेक मिनिटे जातात.

दुसरी रीत पॅकेट लेखनाची. अडॅप्टेकचे डायरेक्टसीडी किंवा नीरोसोबत येणारे इनसीडी हे सॉफ्टवेअर बसवले, की सीडी मोठ्या फ्लॉपीसारखी वागे: फाइल ओढून टाका, नको तेव्हा खोडा. ही सोय फार लोकप्रिय झाली. बॅकअपसाठी मात्र ती पहिल्या रीतीहून कमी भरवशाची. प्रत्येक 32 खंडांच्या पॅकेटामागे सात खंड जोडणीत खर्च होत, त्यामुळे 650 एमबीच्या सीडीवर वापरायला सुमारे 530च उरत. शिवाय आरडब्ल्यूचे आयुष्य साधारण हजार लेखनांचे. आठवड्याला एकदा अख्खी तबकडी पुसणाऱ्याला ती मर्यादा गाठायला एकोणीस वर्षे लागतील, पण पॅकेट लेखनात फाइलींच्या यादीची जागा सतत लिहिली जाते आणि झीज तिथेच साचते. या रीतीच्या यूडीएफ या फाइल-व्यवस्थेच्या 1.50 आवृत्तीत खराब जागांऐवजी राखीव जागा वापरण्याची तरतूद झाली, पण सीडी बाहेर येण्यापूर्वी वीज गेली तर यादी अर्धवट राही, आणि तिच्याविना फाइली असून नसल्यासारख्या.

पुसता येणे हाच या तबकडीचा गुण, आणि बॅकअप बुडण्याचे कारणही बहुधा तेच. एकच तबकडी पुन्हापुन्हा वापरणाऱ्याकडे, जुनी प्रत पुसून नवी पूर्ण होईपर्यंत एकही प्रत नसते. रायटर नेमका तेव्हाच अडकला तर हाती काही उरत नाही. किमान तीन तबकड्या आळीपाळीने वापराव्यात आणि नेहमी सर्वांत जुनीच पुसावी. मोठ्या कार्यालयांत आठवड्याला पूर्ण प्रत आणि रोज केवळ बदललेल्या फाइली अशी पद्धत असे. विंडोजमध्ये बदललेल्या फाइली ओळखायला अर्काइव्ह ही खूण असते. विंडोज एक्सपीसोबत आलेला बॅकअप प्रोग्रॅम मात्र थेट सीडीवर लिहू शकत नव्हता. आधी हार्ड डिस्कवर फाइल बनवा आणि मग ती सीडीवर चढवा, असा द्राविडी प्राणायाम करावा लागे. 20 जीबीची भरलेली डिस्क उतरवायला 700 एमबीच्या एकोणतीस सीड्या लागत. शहाणा माणूस फक्त स्वतःची कामे उतरवून घेई, विंडोज नव्हे.

मराठी डीटीपी करणाऱ्यांना यात एक जादा पथ्य होते. युनिकोड रुळण्यापूर्वी श्री-लिपीसारख्या प्रणालींत अक्षरांचे संकेत ज्या त्या फॉन्टपुरते असत. पेजमेकरची फाइल ठेवली आणि फॉन्ट ठेवला नाही, तर दिवाळी अंकाच्या जागी रोमन अक्षरे आणि चिन्हांचा कचरा उघडे. ‘फॉन्ट’ नावाचे एक फोल्डर प्रत्येक तबकडीवर असणे म्हणूनच आवश्यक होते.

टिकाऊपणाबाबत अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेच्या 2003 च्या मार्गदर्शिकेत, योग्य साठवणीत आरडब्ल्यू तबकड्या 25 वर्षे वा अधिक टिकाव्यात, असे उत्पादकांचे मत दिले आहे. एकदाच लिहायच्या तबकड्यांसाठी तोच आकडा 100 ते 200 वर्षांचा आहे. आरडब्ल्यूचा शत्रू उजेडापेक्षा उष्णता. सीडीचा धातूचा थर वरच्या छापील बाजूला, लाखेच्या पातळ लेपाखालीच असतो, त्यामुळे बॉलपेनने लिहिणे किंवा लेबल चिकटवून ओढून काढणे घातक. डीव्हीडीचा थर दोन अर्ध्या जाडीच्या चकत्यांमध्ये सुरक्षित असतो.

भारतात नोएडाजवळ तबकड्या बनवणारी मोझर बेअर कंपनी 2018 मध्ये अवसायनात गेली, आणि सोनीने लिहिता येणाऱ्या ब्लू-रे तबकड्यांचे उत्पादन फेब्रुवारी 2025 मध्ये थांबवले. जुन्या आरडब्ल्यू ज्यांच्या कपाटात आहेत, त्यांनी ड्राइव्ह मिळतो आहे तोवर त्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्याव्यात. वाचताना अडलेली तबकडी दुसऱ्या ड्राइव्हवर चालवून पाहावी, आणि तोवर विंडोजच्या ‘फॉरमॅट करायचे का?’ या प्रश्नाला होकार देऊ नये.