माईआत्या आणि पंडिता रमाबाई

आंजर्ल्याच्या आमच्या घरी माजघराच्या कोपऱ्यात एक जुना पाट आहे. तो माईआत्याचा. माईआत्या म्हणजे माझ्या आजोबांची बहीण. नवव्या वर्षी लग्न, दहाव्या वर्षी वैधव्य, मग केशवपन आणि लाल आलवण. उरलेला सगळा जन्म तिने याच घरात राबून काढला. मी तिसरीत असताना एकदा हळूच म्हणाली, "बाळ, माझं नाव कसं लिहितात रे?" मी हसलो आणि खेळायला पळालो. पुढे पस्तीस वर्षे शाळेत मुलांना अक्षरे शिकवली, पण ते हसणे अजून बोचते.

तर खाडी ओलांडून हर्णैच्या पुढे गेले की मुरूड लागते. महर्षी धोंडो केशव कर्व्यांचे गाव. ११ मार्च १८९३ रोजी त्यांनी विधवा गोदूबाईंशी लग्न केले आणि मुरूडकरांनी सभा भरवून बहिष्कार घातला. हे आपण शाळेत शिकलो. पण गोदूबाई कुठून आल्या? पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत काढलेल्या शारदा सदनातून. तिथल्या त्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी.

रमाबाई स्वतः विधवा. १८८२ साली हंटर आयोगापुढे त्यांनी स्त्री शिक्षिका आणि स्त्री डॉक्टर हव्यात असे सांगितले. १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला. पण तिथल्या धर्मगुरूंचेही त्यांनी मुकाट्याने ऐकले नाही. कशावर विश्वास ठेवायचा हे माझे मी ठरवीन, हा त्यांचा बाणा. त्यांच्या श्रद्धेत मला हेच मोठे वाटते.

शारदा सदनात धर्म शिकवायचा नाही असे ठरले होते. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत. दार उघडे असे. काही मुली आपण होऊन जाऊन बसू लागल्या. 'केसरी'ने टीकेची झोड उठवली, पालकांनी मुली काढून नेल्या, आणि १८९३ मध्ये रानडे-भांडारकरांनीही सल्लागार मंडळातून अंग काढून घेतले. आईबापांची भीती खोटी होती असे मी म्हणणार नाही. विश्वासाने पाठवलेली पोर धर्म बदलेल, हे कुणाला रुचेल? पण दार लावून घेणे रमाबाईंना पटले नाही. आणि गंमत पाहा, त्याच घरात शिकलेल्या गोदूबाई हिंदूच राहिल्या. आनंदीबाई कर्वे झाल्या आणि पतीच्या संस्थेसाठी दारोदार वर्गणी गोळा केली!

आज आपल्या राज्यघटनेच्या २५व्या कलमात सद्सद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य आहे. मला वाटते, विधवेचा शिकण्याचा हक्क आणि हा हक्क वेगळे नाहीत. जिला स्वतःचे नाव लिहिता येत नाही, तिने स्वतःचे मन कसे ठरवावे?

मुरूड आमच्यापासून एका खाडीपलीकडे. तिथवर आलेला उजेड माईआत्यापर्यंत पोचला नाही. निदान तिसरीतल्या मला तिला चार अक्षरे दाखवता आली असती.

असो. तुमच्या घरातही अशी एखादी माईआत्या असेल. तिचे खरे नाव ठाऊक असेल तर कुठेतरी लिहून ठेवा. आमच्या माईआत्याचे नाव होते द्वारका.