अंगठा, अक्षर आणि हजेरीपट

परप्रांतात नोकरीनिमित्त गेलेल्या मराठी माणसाला एक अनुभव हटकून येतो. पदवी गाठीशी असते, चार ग्रंथ वाचलेले असतात, आणि तरीही समोर येणाऱ्या बसवरची पाटी वाचता येत नाही. १९८९ साली मी आंध्र प्रदेशात रुजू झालो तेव्हा तेलुगू लिपीची ती गोलाकार वळणे पाहून माझी हीच अवस्था झाली होती. कार्यालयाच्या दारावरची माझ्याच नावाची पाटी मी शिपायाकडून वाचून घेतली होती. प्रौढ साक्षरतेविषयी पुढे जी आस्था वाटू लागली, तिचे मूळ बहुधा त्या संकोचात असावे.

हे काम तेव्हा नवे नव्हते. साताऱ्यात १९५९ साली सुरू झालेली ग्रामशिक्षण मोहीम पुढे महाराष्ट्रभर पसरली होती. गाव साक्षर झाले की ग्रामगौरव समारंभ होत असे. समारंभानंतर वाचायला काही उरले नाही, की शिकलेली अक्षरे हळूहळू विरूनही जात. २ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम आला. त्याची केंद्रे अल्प मानधनावर चालत, आणि त्यांतील काही केवळ कागदावर चालत, हे आमच्या खात्यात कोणापासून लपलेले नव्हते.

चित्र पालटले ते केरळातील एर्नाकुलम् जिल्ह्यात. ५ मे १९८८ रोजी राष्ट्रीय साक्षरता मिशनची स्थापना झाली होती. केरळ शास्त्र साहित्य परिषदेने पुढाकार घेतला, जिल्हाधिकाऱ्यांनी शासकीय यंत्रणा तिच्या पाठीशी उभी केली, आणि १९८९ मध्ये हजारो स्वयंसेवक घरोघर जाऊन निरक्षरांची नोंद करू लागले. शिकविणारे सुमारे २० हजार होते आणि त्यांना कोणतेही वेतन नव्हते. वर्ग भरू लागल्यावर एक साधीच गोष्ट ध्यानात आली. पुष्कळ वयस्क विद्यार्थ्यांची अडचण बुद्धीची नव्हती, दृष्टीची होती. त्यांना पाटीवरचे दिसतच नव्हते! मग नेत्रतपासणी झाली आणि लोकांकडून चष्मे गोळा करण्यात आले. कोणत्याही शासन निर्णयात चष्म्याचा उल्लेख नव्हता. तो त्या कामात राबणाऱ्यांना सुचला. ४ फेब्रुवारी १९९० रोजी पंतप्रधान विश्वनाथ प्रताप सिंग यांनी एर्नाकुलम् संपूर्ण साक्षर झाल्याचे घोषित केले, आणि देशभरच्या जिल्हाधिकाऱ्यांना तसेच करून दाखविण्याची घाई झाली.

तमिळनाडूतील पुदुक्कोट्टै जिल्ह्यात जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांच्या कारकिर्दीत साक्षरता मोहिमेला सायकलची जोड मिळाली, आणि हजारो ग्रामीण स्त्रिया सायकल चालवू लागल्या. आमच्या आंध्रातील नेल्लोरची कथा तर प्रशासनाला अधिकच विचार करायला लावणारी आहे. तेथील वाचनपाठांत सीतम्मा नावाच्या स्त्रीची गोष्ट होती. रात्रीच्या वर्गात ती वाचता वाचता बायका आपल्या घरातील दारूविषयी बोलू लागल्या. दुबगुंटा गावातील स्त्रियांनी अरकाचे दुकान बंद पाडले, आणि १९९२ मध्ये अरकाच्या लिलावांनाच जिल्ह्यात विरोध उभा राहिला. सरकारने शिकविलेल्या अक्षरांनी सरकारच्याच महसुलाला हात घातला होता. १९९३ साली राज्यात अरकबंदी झाली, १९९५ मध्ये संपूर्ण दारूबंदी आली, आणि १९९७ मध्ये ती शिथिलही झाली.

मी त्या काळात शेजारच्याच एका जिल्ह्यात होतो. आमच्याकडेही मोहीम चालू होती आणि दर पंधरवड्याला तक्ते भरून वर पाठवायचे असत. एके सायंकाळी एका वस्तीतील वर्ग पाहायला गेलो. कंदिलाच्या उजेडात वीसेक बायका बसल्या होत्या. मी मोठ्या कौतुकाने एकीला म्हणालो, "अम्मा, काहीतरी वाचून दाखवा." तिने पुस्तिका बाजूला ठेवली आणि रोजगार योजनेच्या रस्त्याच्या कामावरील हजेरीपट आणा, असे सोबतच्या कर्मचाऱ्याला सांगितले. तो चाचरला, मी आणवला. बोट ठेवत, अडखळत तिने स्वतःचे नाव शोधले आणि त्यापुढच्या खुणा मोजल्या. हजेरी बारा दिवसांची होती. अंगठा तिचाच होता. पैसे मात्र आठ दिवसांचे मिळाले होते.

चौकशी मी लावली. तीन महिन्यांनी कागद माझ्या टेबलावर आला तेव्हा त्यावर "तक्रारदाराचे समाधान झाले" असा शेरा होता. तिला बोलावून खात्री करून घेणे माझे कर्तव्य होते. जिल्हा साक्षर घोषित होण्याची तारीख जवळ आली होती, आणि मी सही केली. तिला चार दिवसांची मजुरी मिळाली की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही. तिच्या नावापुढे 'उत्तीर्ण' मात्र लिहिले गेले, कारण तक्त्यात तेवढाच रकाना होता.

१९९१ साली देशातील ३९ टक्के स्त्रिया साक्षर होत्या, २०११ च्या जनगणनेत सुमारे ६५ टक्के. या वाढीत शाळांचा वाटा मोठा आहे. पण आई वर्गाला जाऊ लागली म्हणून मुलगी शाळेत गेली, अशी घरे मी पाहिली आहेत. केंद्राची 'उल्लास' योजना २०२२ ते २०२७ या काळासाठी आखलेली असून तिचाही भर विनावेतन स्वयंसेवकांवरच आहे.

निवृत्तीनंतर मी हैदराबादेतच स्थायिक झालो. आमच्या इमारतीच्या रखवालदाराची पत्नी ओडिशाची आहे. तिला काय शिकायचे आहे, हे न विचारताच मी हिंदीची अंकलिपी आणली. तिने ती नम्रपणे परत केली. तिला तेलुगू हवी होती. बस, रेशन दुकान आणि दवाखाना, सारे त्याच लिपीत. तेव्हा सध्या रोज दुपारी चार वाजता एक मराठी माणूस एका ओडिया बाईला तेलुगू शिकवितो. माझे ऱ्हस्व-दीर्घ चुकते आणि खालच्या मजल्यावरची शाळकरी मुलगी येऊन ते दुरुस्त करते. गेल्या आठवड्यात बाईंनी घरमालकाने दिलेले विजेचे बिल आणले आणि मीटरवरचा आकडा आणि बिलातला आकडा एकच आहे का, असे विचारले. आम्ही दोघे जिना उतरून मीटरपाशी गेलो.