मायावरणयुक्त शिकारनौका : रंगलेप आणि विनाइल-वेष्टन

मायावरणयुक्त शिकारनौका : पाणथळीतील बदके, हंस आदी वन्य पक्ष्यांच्या नजरेस न येता त्यांच्या निकट जाता यावे म्हणून जिची बांधणी सखल ठेवलेली असते आणि जिच्या पृष्ठभागास भोवतालच्या लव्हाळ्यांशी, चिखलाशी व पाण्याशी मिळतेजुळते रूप दिलेले असते, अशी लहान नौका. हे रूप देण्याचे दोन मार्ग आज प्रचलित आहेत : एक चमकहीन रंगाचा लेप, आणि दुसरा छापील नक्षीच्या, पाठीस चिकटद्रव्य असलेल्या विनाइल-पटलाचे वेष्टन. या दोहोंतून कोणता पत्करावा याचा विचार येथे हुबळी-धारवाडची तळी, तेथील ऊन आणि देशपांडे नगरासारख्या वस्तीत राहून हिवाळ्यापुरती होडी बाळगणाऱ्या हौशी मनुष्याची सोय डोळ्यांसमोर ठेवून केला आहे.

शिकार हा शब्द या मुलखात आता केवळ पूर्वेतिहासापुरता उरला आहे. धारवाड जिल्हा 1956 सालच्या राज्यपुनर्रचनेपर्यंत मुंबई राज्यात मोडत असे आणि त्या राज्याचा वन्य पशुपक्षी संरक्षणाचा 1951 सालचा कायदा या जिल्ह्यासही लागू होता. पुढे 1972 च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने शिकारीवर कडक निर्बंध घातले, आणि 1991 च्या दुरुस्तीने हौसेखातर शिकारीचे परवाने देण्याची पद्धतच संपुष्टात आणली. भरतपूरच्या पाणथळीत 12 नोव्हेंबर 1938 रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या सन्मानार्थ झालेल्या एकाच शिकारीत 4,273 पक्षी मारले गेले, हा आकडा आज वाचताना मन विषण्ण होते. ती परंपरा संपली हे या देशाच्या पाणपक्ष्यांचे भाग्यच म्हटले पाहिजे. तरी पक्ष्याजवळ नकळत जाण्याची विद्या शिकारीबरोबर नाहीशी झालेली नाही. ती आता निरीक्षकाच्या आणि छायाचित्रकाराच्या हाती आली आहे. युरोप-अमेरिकेत बदकांच्या शिकारीसाठी मायावरणाच्या नौका आजही वापरल्या जातात. आपल्याकडे तशाच नौकेचा उपयोग तरते लपण म्हणून करावयाचा असतो, आणि पुढील विवेचनात शिकारनौका हा शब्द त्याच अर्थाने घ्यावा.

ही विद्या आपल्याकडे परकी नव्हे. डोक्यावर डोळ्यांपुरती भोके पाडलेले मडके घालून, गळ्याइतक्या पाण्यातून संथपणे सरकत बदकांच्या थव्यात शिरणारे पारधी जुन्या वर्णनांतून भेटतात, आणि शिकवलेल्या गाईच्या आडोशाने सावजाजवळ जाण्याची फासेपारध्यांची रीतही प्रसिद्ध आहे. या दोन्ही युक्त्यांतील मर्म असे की पक्ष्याला फसविण्यास रंगापेक्षा ओळखीचा आकार आणि मंद गती अधिक उपयोगी पडतात. रंगलेप की वेष्टन हा वाद करणाऱ्याने हे मर्म आधी मनात पक्के करावे, कारण होडीत उभा राहणारा, हात हलविणारा मनुष्य कोणत्याही आवरणाने लपत नाही.

मायावरणाचे शास्त्र ज्यांनी प्रथम मांडले त्यांत अमेरिकन चित्रकार ॲबट थेअर यांचे नाव अग्रगण्य आहे. प्राण्यांची पाठ गडद आणि पोट फिकट असते, त्यामुळे वरून पडणाऱ्या उजेडाने निर्माण होणारा छायाभेद पुसला जाऊन शरीराची घनता नजरेस जाणवत नाही, हे त्यांनी 1896 मध्ये दाखवून दिले. होडीच्या बाबतीत या तत्त्वाचा अर्थ सरळ आहे : वरची तक्तपोशी गडद असावी, आणि काठाखाली जेथे स्वाभाविक सावली पडते ती बाजू फिकट असावी. दुसरे नाव इंग्लंडच्या पीटर स्कॉट यांचे. तरुणपणी सखल होडीतून हंसांची शिकार करणाऱ्या या चित्रकाराने दुसऱ्या महायुद्धात नौदलात असताना 1940 मध्ये आपल्या ‘ब्रोक’ या विनाशिकेस अतिशय फिकट रंगांचे मायावरण दिले, कारण रात्रीच्या आकाशाच्या पार्श्वभूमीवर जहाज काळेच दिसते आणि ते लपवावयाचे तर उजळ रंगच हवा, हे त्यांनी हेरले होते. पुढे ही योजना अटलांटिकमधील संरक्षक जहाजांसाठी स्वीकारली गेली. याच गृहस्थांनी 1946 मध्ये स्लिमब्रिज येथे पाणपक्ष्यांच्या संरक्षणासाठी संस्था स्थापन केली आणि काही वर्षांत बंदूक कायमची खाली ठेवली. शिकाऱ्याचे ज्ञान संरक्षणाच्या कामी यावे, याचे याहून चांगले उदाहरण प्रस्तुत लेखकास ठाऊक नाही.

आता पक्ष्याच्या डोळ्याविषयी. बदकाचे डोळे मस्तकाच्या दोन्ही बाजूंस असल्यामुळे मान न वळविता त्यास जवळजवळ सर्व दिशा, वरचे आकाशसुद्धा, दिसू शकतात. त्याच्या नेत्रपटलात रंगग्राही शंकूंचे चार प्रकार असतात, आणि जांभळ्यापलीकडील प्रकाशाचा काही भागही त्यास जाणवतो. छापखान्यातील शाईची मिश्रणे मात्र मनुष्याच्या तीन प्रकारच्या शंकूंचा हिशेब धरून केलेली असतात, म्हणून आपल्याला हुबेहूब वाटणारे छापील गवत पक्ष्यालाही तसेच दिसेल याची हमी देता येत नाही. याहून मोठा शत्रू म्हणजे चकाकी. रंग थोडा चुकला तरी एकवेळ चालते, पण सकाळच्या तिरप्या उन्हात लखलखणारी होडीची एक बाजू सबंध थवा उठवून देण्यास पुरेशी असते.

हुबळीच्या आसमंतात असे थवे पाहावयाचे तर मागडीला जावे लागते. शिरहट्टीजवळचे हे तळे 1997 पूर्वी धारवाड जिल्ह्यात होते, आता ते गदग जिल्ह्यात आहे, आणि 2024 च्या जानेवारीत रामसर स्थळांच्या यादीत त्याचा समावेश झाला. हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब हंस नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत येथे मुक्काम करतात. तळ्यात विसावा घ्यावा आणि भोवतालच्या शेतांत चरावे असा त्यांचा क्रम असतो. वनखात्याची अनुमती घेतल्यावाचून अशा संरक्षित तळ्यात होडी घालू नये. थव्याला पाठलाग करून उडविणे हे तर कोणत्याही तळ्यावर गैरच होय. शहरालगतच्या उणकल तळ्याचे दृश्य निराळे आहे, तेथे जलपर्णीच्या हिरव्या गादीचा उपद्रव वारंवार होत आला आहे. महाराष्ट्रातील वाचकास उजनीच्या फुगवट्यावरील भिगवण परिसर परिचयाचा असेल. तेथील मच्छीमारांनीच पक्षी दाखविण्याचा व्यवसाय उभा केला आहे, आणि त्यांच्या होड्यांना पक्षी सरावलेले असतात.

या प्रदेशातील हिवाळी तळ्याकाठचा रंग म्हणजे वाळलेल्या गवताचा फिकट पिवळा, काळ्या मातीचा करडा, धारवाडकडील तांबड्या मातीचा विटकरी, आणि पाणकणसाच्या पात्यांचा मळकट हिरवा. परदेशी कारखान्यांच्या तयार पटलांवर ओकची पाने, बर्फाळलेली वेत्रे आणि उत्तरेकडील लव्हाळी छापलेली असतात. दुकानात अशी छपाई मोहक दिसते. तथापि पन्नास पावलांवरून तिच्यातील बारीक रेषा एकमेकींत मिसळून सगळा भाग एकच काळपट ठिपका होतो, आणि मायावरणाचा हेतू फसतो. हाताएवढे किंवा त्याहून मोठे, कडा विस्कटलेले, उजळ-गडद भेद स्पष्ट असणारे डागच दुरून होडीची रूपरेषा मोडतात.

रंगलेपाचे यश रंगापेक्षा पूर्वतयारीवर अवलंबून असते. ॲल्युमिनियमच्या होडीवर हवेतील प्राणवायूने ऑक्साइडचा पातळ थर तत्काळ तयार होतो, म्हणून तेलकटपणा द्रावकाने पुसून, पॉलिश-पेपरने पृष्ठभाग खरखरीत करून लगेच आम्लयुक्त एच-प्राइमर किंवा इपॉक्सी प्राइमर द्यावा लागतो. जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर साधा तैलरंग थेट दिला तर तेलातील मेदाम्ले आणि जस्त यांच्या संयोगाने साबणासारखा थर बनतो व एकदोन पावसाळ्यांत रंग पापुद्र्यांनी निघतो. तेथेही योग्य प्राइमर अपरिहार्य आहे. फायबरच्या होडीवर साच्यातून आलेले मेण राहिलेले असते, ते घालविल्यावाचून काहीच धरत नाही. ॲल्युमिनियमच्या बुडास तांबेयुक्त शेवाळरोधक रंग कदापि देऊ नये, कारण दोन धातूंच्या विद्युत्-रासायनिक क्रियेने पत्राच झिजतो. शिवाय रोज काठावर ओढून ठेवल्या जाणाऱ्या तळ्यातील होडीस अशा रंगाची गरजही नसते. दोन घटकांचा पॉलियुरेथेन रंग टिकाऊ खरा, पण त्याच्या फवाऱ्यातील आयसोसायनेट फुप्फुसांस घातक असल्याने तो घराच्या अंगणात हौसेने मारण्याचा पदार्थ नव्हे.

चमकहीन रंगावर पाणी पडले की तोही चमकतो. यावरचा उपाय साधा आहे. शेवटाआधीचा हात ओला असतानाच त्यावर बारीक चाळलेली वाळू भुरभुरावी, सुटी वाळू दुसऱ्या दिवशी झाडून टाकावी आणि वरून आणखी एक पातळ हात द्यावा. ओला झाल्यावरही असा खरखरीत पृष्ठभाग प्रकाश एकाच दिशेस परतवीत नाही. विनाइलच्या गुळगुळीत पटलास ही सोय नाही.

विनाइल-वेष्टनाचे स्वतःचे गुण आहेत, ते नाकारण्याचे कारण नाही. अनुभवी कारागीर लहान होडी एकदोन दिवसांत मढवून देतो, वाळण्याची वाट पाहावी लागत नाही, वास नसतो, आणि होडी पुढे विकावयाची झाल्यास पटल उष्णतेने सोडवून मूळचा रंग परत मिळविता येतो. हे पटल दोन जातींचे असते. द्रवरूप विनाइल ओतून केलेले ओतीव पटल सुमारे 50 मायक्रॉन जाडीचे, मऊ आणि वळणावर बसणारे असते. रुळांखालून लाटून काढलेले पटल जाड व स्वस्त असते, पण लाटताना आलेला ताण त्यात शिल्लक राहतो, त्यामुळे उन्हात ते आक्रसते व कडेस चिकटद्रव्याची रेघ उघडी पडून तिच्यावर धूळ बसते. जाहिरातींच्या फलकांसाठी बहुधा हीच स्वस्त जात वापरतात, तेव्हा हुबळीच्या गोकुळ रस्त्यावर असो वा अन्यत्र, स्टिकरवाल्याकडे काम सोपविण्यापूर्वी जात कोणती हे विचारून, पावतीवर लिहूनच घ्यावे. वेष्टन रिव्हेटांच्या डोक्यांवर, जोडाच्या शिवणींवर आणि तीव्र कोपऱ्यांवर नीट बसत नाही; पाण्याच्या रेषेखाली तर ते लावूच नये, कारण कडेतून शिरलेले पाणी संपूर्ण पट्टा सोडविते.

देशपांडे नगरातील होडीच्या बाबतीत एक गोष्ट विसरली जाते. हंसांचा मुक्काम चार-पाच महिन्यांचा, म्हणजे होडी वर्षातील अर्ध्याहून अधिक काळ पाण्यात नसतेच. ती अंगणात पालथी पडून राहते, आणि एप्रिल-मेच्या उन्हात तिचे बूड आकाशाकडे असते. पटलाच्या टिकाऊपणाची मुदत निर्माते उभ्या पृष्ठभागासाठी सांगतात. आडव्या, सतत तापणाऱ्या पृष्ठभागावर ती पुष्कळच घटते. रंगही उन्हाने पांढरट पडतो, मात्र त्याचे पांढरट पडणे मायावरणास बाधक होत नाही, उलट वाळक्या गवताशी तो अधिक मिळतो. पटल मात्र तडकते आणि त्याच्या चिंध्या होतात. तळ्यात गळून पडलेली चिंधी म्हणजे पाण्यात टाकलेले प्लॅस्टिकच. रंगाच्या बाबतीत शिशाची सावधगिरी हवी : घरगुती व सजावटीच्या रंगांत शिशाचे प्रमाण 90 पीपीएमहून अधिक नसावे असा भारत सरकारचा 2016 सालचा नियम आहे, पण औद्योगिक रंगांस तो लागू नाही, म्हणून डब्यावरील मजकूर वाचूनच रंग घ्यावा. शिसे पाणपक्ष्यांना विषासमान आहे.

दुरुस्तीचा मुद्दा माझ्या मते निर्णायक ठरतो. तळ्याचा उतार दगडगोट्यांचा असतो आणि होडी रोज ओढावी लागते. रंगावर ओरखडा आला तर जागा घासून उघड्या धातूवर प्राइमर द्यावा, आणि उरलेल्या डब्यातील रंगाचे दोन फटकारे मारावेत. मायावरणात ठिगळ लपतेच. पटल फाटले तर तोच नमुना, तीच छपाई पुन्हा मिळेल असे नाही. तुंगभद्रेवरील हरिगोल, म्हणजे गोल टोपलीनाव, चालविणारे नावाडी बांबूच्या टोपलीस प्लॅस्टिकची चादर गुंडाळून वर डांबर फासतात. त्यांच्या नावेस वेष्टन आणि लेप दोन्ही असतात, पण खडकाशी गाठ पडते ती डांबराची, आणि दुरुस्तीही डांबरानेच होते.

नक्षी निवडताना भारतीय लष्कराच्या 2022 साली प्रसिद्ध झालेल्या गणवेशाच्या नमुन्याची नक्कल करू नये. त्या नमुन्याची बौद्धिक संपदा म्हणून नोंदणी झालेली आहे.

सारांश निर्णय असा की गुळगुळीत फायबरची, गाडीवरून नेली जाणारी आणि छपराखाली ठेवली जाणारी होडी असेल तर तिच्या पाण्यावरील बाजूंस ओतीव, चमकहीन विनाइल लावण्यास हरकत नाही. अन्य सर्व होड्यांस, विशेषतः पत्र्याच्या व ॲल्युमिनियमच्या होड्यांस, शिसेविरहित चमकहीन रंगच द्यावा. हे काम पावसाळा सरल्यावर ऑक्टोबरच्या कोरड्या दिवसांत उरकावे, आणि शेवटच्या हातानंतर निदान आठवडाभर होडी पाण्यात घालू नये.